दुधी सोडून कोणताही वेल

सेलूच्या बियाण्याच्या दुकानदारानं मला विचारलं, "काका, वेल कशासाठी पाहिजे? खायला का शोभेला?"

मी म्हणालो, "झाकायला."

तो हसला. त्याला वाटलं असेल, एखादी पडकी भिंत नाहीतर पत्र्याचं शेड झाकायचं असेल. तीस वर्षं मी एसटी चालवली. जिंतूर-परभणी, जिंतूर-सेलू, त्याच रस्त्यांवर उमेदीची वर्षं गेली. घरातली तुळससुद्धा बायकोनं लावलेली. वेलातलं मला काही कळत नव्हतं. एवढंच कळत होतं की दोन महिन्यांच्या आत माझ्या अंगणाच्या तारेवर माणसाच्या डोक्याइतका उंच आणि आरपार न दिसणारा हिरवा आडोसा उभा राहायला पाहिजे. नाहीतर माझी मुलगी हातची जाईल.

बोरीला किंवा जिंतूरला मी मुद्दाम गेलो नव्हतो. तिथं मला सगळे ओळखतात. काय न्यायलाव, कशाला न्यायलाव, असं दहा जण विचारतात. म्हणून सेलू.

मुलगी पौष संपता संपता घरी आली होती. लग्नाला दोन वर्षं झालेली, पहिलंच बाळंतपण. आठव्या महिन्यात एका सकाळी तिला पोटात हालचाल जाणवेना. दवाखान्यात नेलं. दुसऱ्या दिवशी ती बाळंत झाली आणि बाळ गेलेलंच जन्मलं. बारा दिवसांनी सासरच्यांनी जीप करून तिला आमच्या दारात आणून सोडलं. "महिनाभर राहू द्या माहेरी, तब्येत सुधारंल," असं म्हणाले आणि चहासुद्धा न घेता गेले. त्यानंतर तिकडून कुणाचा फोन नाही.

तिला दूध आलं होतं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या, तरी ते थांबायला बरेच दिवस लागले. बायको तिला घट्ट पट्टा बांधायची, कोबीची पानं ठेवायची, दिवसातनं दोनदा-तीनदा तिचे कपडे बदलायची. मी बाहेर ओट्यावर बसून असायचो. घरात बापाला करण्यासारखं काहीच नव्हतं.

आमचं घर बोरीच्या कडेला आहे. दोन खोल्या, पुढं ओटा, ओट्यापुढं अंगण, आणि अंगणाच्या पार त्या टोकाला न्हाणी आणि संडास. अंगण आणि वाट यांच्यात नुसती तार. लोखंडी खांब रोवून तीन पदरी तार ओढलेली. त्या वाटेनं पुढं गेलं की फिल्टरच्या पाण्याची टाकी आहे, त्यामुळं सकाळपासून दिवे लागेपर्यंत बायाबापड्यांची जा-ये चालू. कडेवर जार, हातात कॅन. इतकी वर्षं आम्हाला त्याचं काही वाटलं नव्हतं. उलट करमायचं.

मुलगी आल्याच्या तिसऱ्या दिवशी ती ओट्यावर ऊन खात बसली होती. दोघी बाया तारेपाशी थांबल्या. एकीनं विचारलं, "किती महिन्याचं व्हतं गं?"

मुलगी म्हणाली, "आठ."

"अरारा," असं म्हणून त्या चालायला लागल्या. पण दहा पावलं जात नाहीत तोवर तीच बाई दुसरीला म्हणाली, आणि आवाज काही खाली नव्हता, "चल बिगीबिगी. हिची सावली नगं पडायला. माझी सून पोटुशी हाय."

मुलगी उठून आत गेली. ओट्यावर तिची चप्पल तशीच राहिली.

त्या दिवसापासून ती मधल्या खोलीतून बाहेर येईना. मला वाटलं, झोपत असेल, अशक्तपणा आहे. बायको ताट घेऊन जायची, ताट तसंच परत यायचं. तांब्याही भरलेला परत यायचा, पण तांब्याकडं कोण बघतं? पंधराएक दिवसांनी तिला हुडहुडी भरून ताप आला. पोटात कळा यायला लागल्या. परभणीला नेलं. तिथल्या डॉक्टरबाईंनी लघवी तपासली आणि आम्हा दोघांना विचारलं, "ह्या पाणी का पीत नाहीत? इतका संसर्ग कसा झाला? तासन् तास लघवी धरून ठेवतात का?"

मुलगी पलंगावर भिंतीकडं तोंड करून पडली होती. बायको तिच्यापाशी बसली, डोक्यावरून हात फिरवत राहिली. मग मुलगी बोलली. मी दाराशी होतो, मला ऐकू आलं.

"पानी पिलं की जावं लागतं आई. संडासापर्यंत जायचं म्हणलं की ते सगळे बघतात."

पंचवीस पावलांचं अंगण. ते ओलांडायला लागू नये म्हणून माझी मुलगी पंधरा दिवस तहानलेली राहिली होती. अंधार पडल्यावर एकदा, उजाडायच्या आत एकदा. बाकी दिवसभर कळा सोसत पडून राहायची. बायकोनं खोलीत बादली ठेवते म्हटलं तर ती रडायला लागली. डॉक्टरबाईंनी जाताना मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, "ह्यांना एकटं सोडू नका. बाळ गेल्यावर काही बायकांचं मन फार खाली जातं. लक्ष ठेवा." लक्ष ठेवा म्हणजे काय, ते मला त्यांच्या तोंडाकडं बघून कळलं.

परत आलो त्याच दिवशी मी बायकोच्या जुन्या लुगड्यांचा पडदा तारेला बांधला. बायको म्हणत होती, भिंतच घालू. पण गावातले गवंडी-मजूर ऊसतोडीला गेलेले, ते पाडव्याच्या पुढं येणार. आणि आले तरी महिनाभर चार परकी माणसं अंगणात वावरणार, त्यांच्यासमोरून ती कशी जाणार?

पडद्यानं उलटंच झालं. जाणारे-येणारे थांबायला लागले. पोरं लुगड्याच्या फटीला डोळा लावायची. "आत काय झाकायलाव ड्रायव्हर?" असं एकानं मला हसत विचारलंसुद्धा. तिसऱ्या दिवशी मुलगी दाराआडून म्हणाली, "दादा, ते काढा. त्यानं अजून बघायलेत लोक." आमच्याकडं बापाला दादाच म्हणतात. मी काढलं. काढताना समोरच्या घराच्या कुंपणावर कसलासा वाळलेला वेल दिसला. गेल्या पावसाळ्यात तो हिरवागार होता हे मला आठवलं, आणि तो असताना त्या घरात कोण येतं-जातं ते कधी दिसलं नव्हतं, हेही आठवलं. पडदा दिसला की लोक आत काय आहे ते बघतात. वेल दिसला तर शेंगा लागल्या का, एवढंच बघतात.

मधुमालती, कृष्णकमळ ही नावं मला ऐकून माहीत होती. पण ते वेल अंगाला यायला वर्ष-दोन वर्षं खातात. मला वर्षभर कुठलं थांबता येत होतं? म्हणून जो उगवतो, चढतो, फळतो आणि त्याच वर्षी वाळून जातो असाच वेल हवा होता. तसा मी सेलूला पोचलो.

दुकानदारानं पहिल्या दिवशी विचार न करता सांगितलं, "झाकायचं म्हणता ना? दुधी लावा. पान बघा, परातीएवढं. लावा अन् बघत बसा." मी दोन पुड्या घेतल्या आणि आनंदानं घरी आलो. खरंच आनंद झाला होता. कित्येक दिवसांनी हातात काहीतरी आहे असं वाटत होतं.

बायकोनं पुडी हातात घेतली, वरचं नाव वाचलं आणि ती चटकन पदराखाली घातली. मधल्या खोलीच्या दाराकडं बघत हळू आवाजात म्हणाली, "हे आनलंत? दुधी? हिच्या म्होरं रोज दुधी, दुधी म्हनायचं का आपन? कालपरवापर्यंत पोरीचं दूध पिळून सांडत व्हते मी."

माझ्या ते डोक्यातच आलं नव्हतं. इतका मी आंधळा. मी त्या पुड्या कचऱ्यातही टाकल्या नाहीत, खिशात घालून दुसऱ्या दिवशी परत सेलूला घेऊन गेलो.

"दुधी सोडून कोणताही द्या," मी दुकानदाराला म्हणालो.

"का? बाधतो का?"

"हो. घरात चालत नाही."

मग मात्र त्याला माझ्या घाईचं काही कळलं असावं, कारण गिऱ्हाईक बाजूला ठेवून त्यानं माझ्यासमोर पुड्या मांडल्या आणि एकेक सांगायला लागला. गणेशवेल दिसायला नाजूक, पण पान दोऱ्यासारखं, सगळं आरपार दिसणार. वाल दाट होतो, पण तो थंडीतला गडी, उन्हाळ्यात रुसून बसतो. काकडी लवकर येते आणि लवकरच म्हातारी होते, दोन महिन्यांत पानं पिवळी. पडवळाला उगवायलाच दिवस लागतात. कारल्याचं पान फाटकं, पण वेल चिवट. लाल भोपळा जमिनीवरच पळतो, तारेवर चढवला तर वजनानं तार लोळवतो.

"मग?" मी विचारलं.

"दोडका नाहीतर गिलकं. माझं ऐकाल तर गिलकं. उन्हाला भीत नाही, पान रुंद, एकावर एक पडतं. फक्त एक हाय काका, हे सगळे वेल वर गेले की खाली उघडे पडतात. बुडाला दोन-तीन फूट नुसती काडी राहते."

म्हणजे तिचे पाय दिसणार. मी दुकानात उभा राहून माझ्या मुलीच्या पायांचा विचार करत होतो. लोकांना नुसती पावलं दिसली तरी ती बाहेर येणार नाही, हे मला ठाऊक होतं.

"खाली झाकायला काय लावू?"

"चवळी. चौथ्या दिवशी उगवते. मध्ये मध्ये टोचा. ती खालचं बघून घेईल, गिलकं वरचं बघून घेईल."

मी गिलकं, म्हणजे घोसाळं, आणि चवळी घेतली. नायलॉनची दोरी घ्यायची होती. दोरीचं भेंडोळं हातात आल्यावर मला डॉक्टरबाईंचं तोंड आठवलं. मी मोजून लागेल तेवढीच दोरी घेतली, घरी पोचल्या पोचल्या, हातपायही न धुता, खांबाखांबांवर ओढून गाठी मारून टाकल्या, आणि उरलेले टोकाचे तुकडे चुलीत घातले. बायकोनं बघितलं. तिनं आधीच विळी-कोयता शेजारी नेऊन ठेवला होता, हे मला नंतर कळलं.

बी रात्रभर भिजवून फडक्यात बांधलं आणि वीतभर अंतरानं लावलं. काळी माती उन्हानं भेगाळलेली, तिच्यात शेणखत कालवून नाली केली. पाणी न्हाणीचं आणि भांड्यांचं. चवळी खरंच चौथ्या दिवशी वर आली. गिलक्याला आठ दिवस लागले. जाडजूड दोन पानं माती उचलून उभी राहिली तेव्हा मी बायकोला हाक मारली. मुलीलाही मारणार होतो, पण मारली नाही.

दोनच दिवसांत ती पानं चाळणीसारखी झाली. लाल भुंगे. नखाएवढे, नारिंगी, चकचकीत. सकाळी जाऊन बघतो तर पानांची नुसती शिरांची जाळी. चौथ्या दिवशी एकही गिलकं उभं नव्हतं. मी तिथं उकिडवा बसलो आणि मला रडू आलं. वाटेवरून जाणाऱ्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "काय झालं ड्रायव्हर?" मी म्हणालो, "भुंग्यानं खाल्लं." तो म्हणाला, "हात्तिच्या! येलासाठी रडायलाव व्हय?"

तिसऱ्यांदा सेलूला गेलो. दुकानदारानं नवं बी दिलं आणि सोबत भुंग्यांसाठी औषधाची बाटली दिली. मी ती पिशवीत घातली आणि स्टँडवर येऊन गाडीची वाट बघत बसलो. पिशवी मांडीवर होती. बाटलीवर ते लाल चिन्ह. गाडी लागली, लोक चढले. मी उठून परत दुकानात गेलो आणि बाटली फळीवर ठेवली.

"का हो काका?"

"मला घरात नको आहे हे."

त्यानं माझ्याकडं बघितलं. बाटली उचलून मागच्या कपाटात ठेवली आणि म्हणाला, "राख टाका मग. सकाळी दंव असतं तेव्हा. आणि भुंगे हातानं वेचा, ऊन चढायच्या आत. तेव्हा ते सुस्त असतात." गाडी चुकली होती. पुढच्या गाडीला दीड तास होता. तेवढा वेळ घरी बायको एकटी तिच्यापाशी, ह्या विचारानं माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

त्यानंतर महिनाभर मी पहाटे उठून भुंगे वेचले. डब्यात पाणी घेऊन एकेक त्यात टाकायचो. मग चाळणीनं राख. दिवसा मुलीला जायचं असलं की बायको आतून खोकायची, ती खूण. मी उठून तारेपाशी जायचो आणि वाटेवर जे कोणी असेल त्याला बोलण्यात गुंतवायचो. "कापूस काय भावानं गेला?" "पोरीचं जमलं का?" ज्यांना मी कधी रामराम घातला नव्हता त्यांच्याशी मी हसून बोललो. त्यांनी माझ्याकडं बघावं, माझ्या मागं बघू नये, एवढ्यासाठी. पाठीमागं तिची पावलं ऐकू यायची, घाईघाईची, आणि मग न्हाणीच्या दाराची कडी.

यावेळी वेल टिकले. पाडव्याला गुडघ्याला आले, हनुमान जयंतीला कमरेला. गिलक्याला एकदा दोरी सापडली की ते दिवसाला वीतभर चढतं, हे मी डोळ्यांनी बघितलं. चवळी खाली दाटली. अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला मी वाटेवर उभा राहून बघितलं तर माझं अंगण मलाच दिसेना. बाया तारेपाशी थांबून म्हणायच्या, "गिलकं झकास आलंय की." मी तोडून त्यांना द्यायचो.

एका दुपारी मुलगी बाहेर आली. बायकोनं वेलाच्या सावलीत बाज टाकली होती, तिच्यावर येऊन बसली. मी ओट्यावर होतो. तिनं बराच वेळ पानांकडं बघितलं, आणि म्हणाली, "दादा, ह्या वेलाला मुंग्या लय हायेत."

"असतात," मी म्हणालो.

एवढंच बोलणं. मी आत जाऊन बायकोला सांगितलं आणि आम्ही दोघं स्वयंपाकघरात उभ्या उभ्या रडलो. त्या आठवड्यात ती रोज बाहेर आली. तांब्या रिकामा परत यायला लागला.

मग वैशाखात एका सकाळी जावई आला. त्याच्याबरोबर त्याचा चुलता. मोटारसायकल वाटेवरच उभी केली. मी तारेच्या बाहेरच्या बाजूला होतो, लोंबणारे शेंडे दोरीत अडकवत होतो. मी म्हणालो, "या, आत या."

चुलता म्हणाला, "आत कशाला, हितंच बोलू. पाव्हणं, मनाची तयारी करा. आमी पोराचं दुसरं बघायलोत. कागदं तयार करू, तुमी सही द्या."

माझ्या डोक्यात एकच होतं. पलीकडं, हातभर अंतरावर, बाजेवर ती बसली आहे. मी म्हणालो, "हळू बोला."

"हळू काय बोलायचं? समद्या गावाला म्हाईत हाय. पहिल्याच खेपेला असं झालं, पुढं काय भरवसा?"

जावई खाली मान घालून उभा होता. तेवढ्यात पानं फाटल्याचा आवाज आला. आधी मला वाटलं, शेळी शिरली. मग वेलातून दोन हात बाहेर आले. तिनं दोन्ही मुठींत वेल धरले होते आणि ती ओढत होती. चवळी, गिलकं, कळ्या, दोऱ्या, सगळं. दोरी तिच्या बोटांत रुतून रक्त आलं. दोन खांबांमधला सगळा पट्टा तिनं खाली ओढला आणि त्या भगदाडात उभी राहिली. केस विस्कटलेले, अंगावर पानं. वाटेवर चार-पाच माणसं जमली होती. तिनं कुणाकडंच बघितलं नाही. नवऱ्याला म्हणाली, "मला एकच सांगा. पोरगा व्हता का पोरगी?"

जावयानं उत्तर द्यायच्या आधी माझ्याकडं बघितलं. आणि त्यानं माझ्याकडं बघितलं, हे तिनं बघितलं.

इथं मला कबूल केलं पाहिजे. दवाखान्यात नर्सनं विचारलं होतं, बाळ त्याच्या आईला दाखवायचं का. बायको म्हणाली होती, दाखवा. सासरचे म्हणाले, नको, मनाला लागेल. मग सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. आणि मी म्हणालो, "नको." मुलगी गुंगीत होती. आम्ही तिला काहीच सांगितलं नाही, मुलगा की मुलगी तेही नाही. तिनं नंतर विचारलंही नाही. मला वाटलं, विसरायला सोपं जाईल.

जावई म्हणाला, "पोरगी."

"कशी व्हती?"

"केस लय व्हते," तो म्हणाला, आणि त्यानं खिशातली दस्ती काढून तोंडावर धरली. चुलत्यानं त्याला दंडाला धरून गाडीकडं नेलं. गाडी चालू झाली, गेली.

मुलगी माझ्याकडं वळली. "तुमी बघितली व्हती?"

"हो."

"हातात घेतली व्हती?"

"हो. मीच नेली."

ती आत गेली. दुपारपर्यंत उपटलेले वेल सुकून काळे पडले. भगदाडातून वाटेवरचे लोक आत बघत होते आणि मी त्या भगदाडात खुर्ची टाकून बसलो होतो, दुसरं काय करावं ते सुचेना म्हणून.

त्यानंतर ती माझ्याशी चार महिने बोलली नाही. आईशी बोलायची, जेवायची, पाणी प्यायची, अंगणातून सरळ चालत जायची, लोक बघत असले तरी. पण मी समोर आलो की तिच्या तोंडावर काहीच नसायचं. राग असता तर बरं वाटलं असतं. रोज सकाळी मला वाटायचं, आज सांगावं, चुकलो. आणि रोज मी भुंगे वेचायला जायचो. उरलेल्या वेलांना गिलकी लागत राहिली, जून होऊन वाळली, आतली जाळी वाजायला लागली. कुणी तोडली नाहीत.

भाद्रपदात एक दिवस ती माझ्यापुढं येऊन उभी राहिली. "दादा, कुठं पुरलं तिला?"

"तुझ्या सासरच्या गावाजवळ. ओढ्याच्या काठाला."

"मला न्या."

आम्ही तिघं मानवतच्या गाडीनं गेलो, फाट्यावर उतरलो, आणि गावात न शिरता शेतांच्या कडेनं ओढ्यापर्यंत चालत गेलो. मला जागा पक्की आठवत होती. बाभळीचं झाड, त्याच्या अलीकडं मऊ माती, वर कुत्र्यांनी उकरू नये म्हणून मीच ठेवलेले तीन चपटे दगड. पण त्या पावसाळ्यात ओढ्याला दोनदा पूर आला होता. काठ कापला गेला होता. बाभळ नव्हती. दगड सगळीकडंच होते. मी वर गेलो, खाली आलो, पुन्हा वर गेलो. बायको आणि मुलगी उभ्या राहून माझ्याकडं बघत होत्या. कुठंही बोट दाखवून "इथं" म्हणालो असतो तर तिला खरं वाटलं असतं. बोट उचललंही होतं.

मी म्हणालो, "बाई, मला जागा सापडंना."

मुलगी माझ्याकडं बघत राहिली. मग काठावर खाली बसली आणि दोन्ही हात मातीवर टेकवले. रडली नाही. बायको तिच्याशेजारी बसली. मी तसाच उभा होतो. थोड्या वेळानं ती वर न बघता म्हणाली, "बसा, दादा." मग मीही बसलो. संध्याकाळच्या गाडीची वेळ होईपर्यंत आम्ही तिथंच होतो.

ह्याला आता तीन उन्हाळे झाले. सोडचिठ्ठी झाली. मुलगी जिंतूरला शिवणकाम शिकली, घरी ब्लाऊज शिवते. काही दिवस बरे जातात. काही दिवशी ती उठतच नाही. खोलीतला तांब्या भरलेला दिसला की त्या दिवशी आम्ही दोघंही नीट जेवत नाही. परभणीच्या डॉक्टरबाईंकडं अजून जावं लागतं. ह्यातून ती पूर्ण बाहेर येईल का, असं मी एकदा विचारलं होतं. त्या म्हणाल्या, वेळ द्या. वेळ माझ्याकडं किती उरला आहे ते मला माहीत नाही.

तारेवर मी दरवर्षी काहीतरी लावतो. एका साली कारलं, एका साली नुसती चवळी. गिलकं पुन्हा लावलं नाही. यंदा माघात मी तिला विचारलं, काय लावू? मशीनवरून मान न उचलता ती म्हणाली, "काय बी लावा. फकस्त माझ्यासाठी म्हनून लावू नका."

दोडका लावला आहे. भुंगे आलेत. आज सकाळी मी राख टाकत होतो, ऊन वर आलं तरी तिच्या खोलीचं दार लोटलेलंच. दहा वाजले. बायको दळणाला गेली होती. मी हातातली चाळणी ठेवून दोनदा दाराशी जाऊन आलो. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा आतून आवाज आला, "जागीच हाय, दादा."

मी बरं म्हणालो आणि परत वेलापाशी आलो.